आत्मरक्षणाचे मोल कोणी द्यावे?

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग पाडले आहेत. एका तीरास जुना जालना व दुसऱ्या तीरास नवीन जालना, ज्यास पूर्वी कादराबाद म्हणत. नवीन हे नावच काय ते नवीन. पेठ जुनी आहे, आणि 'जालना सोने का पालना' ही म्हण तेथे अद्यापि ऐकू येते. या सोन्याच्या पाळण्यास हल्ली दोन दोऱ्या आहेत, एक बियाण्याची व दुसरी लोखंडाची. बियाण्याचा धंदा येथील मातीतूनच उगवला असे म्हणता येईल. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापिली व १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. लोखंडाची गोष्ट मात्र विलक्षण आहे. जालन्यास लोहखनिज नाही, दगडी कोळसा नाही, आणि मुंबईचे बंदर तर चारशे किलोमीटरांच्या आसपास दूर. असे असूनही येथील विजेच्या भट्ट्यांतून निघालेल्या सळया महाराष्ट्रभर घरांच्या पायांत व छतांत पडत आहेत. या भट्ट्यांचे खाद्य म्हणजे स्पंज आयर्न आणि भंगार. भंगारापैकी काही देशातले असते, काही समुद्रापलीकडून येते. परमुलखात मोडीत काढलेल्या मोटारीचा सांगाडा किंवा पाडलेल्या पुलाची तुळई वितळून तिची सळई व्हावी, व ती परतूरच्या एखाद्या शिक्षकाच्या घरास लागावी, असा हा व्यवहार आहे.

अशा गावास ब्रुसेल्स येथे झालेल्या कायद्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. युरोपीय संघाने २०२४ साली टाकाऊ मालाच्या वाहतुकीविषयी नवा कायदा केला. त्याअन्वये २१ मे २०२७ पासून, पॅरिस येथील आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची जी राष्ट्रे सभासद नाहीत, त्यांच्याकडे असा माल धाडावयाचा तर त्या राष्ट्रांनी अगोदर अर्ज करून, माल आम्ही पर्यावरणास न बाधता हाताळतो अशी खात्री पटवून, युरोपच्या यादीत आपले नाव घालून घेतले पाहिजे. भारत त्या संघटनेचा सभासद नाही. तुर्कस्थान आहे, आणि युरोपच्या लोखंडी भंगाराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकही तेच आहे. कायद्याचे प्रकट कारण पर्यावरण हे असून ते खोटे नव्हे. श्रीमंतांचा केर गरिबांच्या दारी लोटण्याचा प्रकार जगाने पुष्कळ पाहिला आहे. परंतु मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद व इतर धातू यांविषयी जी योजना प्रसिद्ध केली, तीत भंगार देशाबाहेर जाऊ नये म्हणून व्यापारी उपाय योजण्याचा विचार उघडपणे बोलून दाखविला. तेथे कारण आपल्या कारखान्यांच्या कच्च्या मालाचे होते. काल ज्यास उकिरडा म्हणत, त्यास आज ठेवा म्हणू लागले.

या गोष्टीवर केवळ संतापून काही निष्पन्न होणार नाही. आमच्यापुढील प्रश्न नीतीचा आहे. परक्या राष्ट्राच्या हाती आपली नाडी जाऊ नये म्हणून राज्यसंस्था जे उपाय योजते, त्यांस आज 'आर्थिक सुरक्षितता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. हा उपाय योजण्याचा अधिकार राज्यास आहे काय, व असल्यास त्याची सीमा कोणती?

अधिकार आहे, याविषयी निदान महाराष्ट्रीयाने तरी शंका घेऊ नये. शिवछत्रपतींनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदारास जे पत्र लिहिले ते प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडू लागले, व्यापारी तिकडे वळू लागले, आणि स्वराज्यातील संगमेश्वराकडील मीठ पडून राहण्याचा प्रसंग आला. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठाहून महाग पडेल असे करावे, अशी त्या पत्रात आज्ञा आहे. ज्यास आज संरक्षक जकात म्हणतात ती हीच, आणि तीही एका युरोपीय सत्तेविरुद्ध. पुढे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याच विचाराने आणखी एक पाऊल टाकले. सावकार ही राज्याची शोभा होय असे सांगून अमात्य लगेच बजावितात की, टोपीकर मात्र इतर सावकारांसारखे समजू नयेत, कारण त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. त्यांस व्यापार करू द्यावा, परंतु समुद्रकाठी व नदीमुखाशी जागा देऊ नये. व्यापाऱ्याच्या मागे उभा असलेला राजा ओळखणे हे अमात्यांचे शहाणपण. कौटिल्य त्याहूनही जुना. राष्ट्रास पीडा करणारा माल बंद करावा, आणि जो फार उपकारक आहे तो व दुर्मिळ बियाणे ही जकातीवाचून येऊ द्यावीत, असे तो सांगतो. बियाण्यावर वाढलेल्या जालन्याने हे वाक्य पेठेच्या वेशीवर कोरून ठेवण्यासारखे आहे.

आता युरोपकडे वळू. गेल्या पिढीत युरोपचा सिद्धान्त याच्या अगदी उलट होता. व्यापारास सरहद्द नसावी, भांडवलास जात नसावी, आणि जी राष्ट्रे परस्परांशी देवघेव करतात ती लढत नाहीत, अशी तेथील राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेस एकामागून एक तडे कसे गेले हे पाहिल्यावाचून आजचा कायदा समजावयाचा नाही. ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा त्यास मदत देताना युरोपीय सावकारांनी अट घातली की, सरकारी मालमत्ता विकून पैसा उभा करावा. ग्रीसने २०१६ साली पिरेअस बंदराच्या संस्थेचे शेकडा ५१ भाग कॉस्को या चिनी सरकारी कंपनीस दिले व २०२१ साली तो हिस्सा शेकडा ६७ झाला. नंतर तेच युरोप म्हणू लागले की, भूमध्य समुद्रावरचे एवढे मोठे बंदर परक्या सरकारच्या हाती असणे धोक्याचे आहे! धोक्याचे असेलही, पण विकावयास भाग कोणी पाडले होते? अमात्यांचे आज्ञापत्र अथेन्समध्ये कोणी वाचले नव्हते, व वाचले असते तरी सावकाराने ऐकून घेतले नसते.

त्याच २०१६ साली जर्मनीच्या आउग्सबुर्ग येथील कुका ही यंत्रमानव बनविणारी कंपनी एका चिनी कारखानदाराने विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीने परकीयांच्या खरेदीवरील नियम आवळले. २०१९ साली युरोपीय संघाने परकीय भांडवलाच्या छाननीचा कायदा केला, जो ऑक्टोबर २०२० पासून अमलात आला. २०२१ साली लिथुआनिया या चिमुकल्या राष्ट्राने आपल्या राजधानीत तैवानच्या नावाने कचेरी उघडू दिली, तेव्हा चीनच्या जकातनाक्यांवर लिथुआनियाचा माल अडू लागला. इतकेच नव्हे, तर इतर युरोपीय राष्ट्रांच्या ज्या यंत्रांत लिथुआनियात झालेला भाग असेल त्यांसही झळ लागली. त्यातून परकीय जबरदस्तीस सामुदायिक प्रत्युत्तर देण्याचा कायदा निघाला व डिसेंबर २०२३ मध्ये तो अमलात आला. त्याच वर्षी जून महिन्यात 'आर्थिक सुरक्षितता' हे शब्द मथळ्यावर घालून युरोपने आपले धोरण प्रथमच एकत्र मांडले होते. अगदी अलीकडे, ३० सप्टेंबर २०२५ रोजी, हॉलंडच्या सरकारने वस्तूंच्या उपलब्धतेविषयीचा १९५२ सालचा एक जुना कायदा कपाटातून काढून चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या कंपनीच्या कारभारावर आपला हात ठेवला. चीनने त्या कंपनीच्या चीनमधील मालाची निर्यात रोखली, मोटारींच्या कारखान्यांस सुट्या भागांची धास्ती पडली, आणि नोव्हेंबरात हॉलंडला आपला हुकूम तहकूब करावा लागला. ज्या कुलपाने चोर अडावयाचा, त्याच कुलपात घरधनी सापडावा, तसे हे झाले.

परंतु या सर्वांहून मोठा धडा वायूने शिकविला, व त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कारण आमच्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे.

२०२१ साली जर्मनी जो नैसर्गिक वायू आयात करीत होता, त्यातील निम्म्याहून अधिक रशियाचा होता. तो स्वस्त होता आणि त्याच्या जोरावर जर्मन कारखानदारी फोफावली. पोलंड व बाल्टिक राष्ट्रे कित्येक वर्षे सांगत होती की, ही नळी म्हणजे गळ्यातील दोरी आहे. ते बर्लिनने मानले नाही. एवढेच नव्हे, तर रेडेन येथील जर्मनीतील सर्वांत मोठी वायूची कोठीही रशियाच्या गाझप्रोम कंपनीच्या ताब्यात जाऊ दिली. घरात धान्याचे पेव असावे व त्याची किल्ली शेजाऱ्याकडे असावी, असा हा प्रकार होता. २०२१-२२ च्या हिवाळ्यात ते पेव जवळजवळ रिकामे आढळले. फेब्रुवारीत युक्रेनवर स्वारी झाली, आणि मग युरोप खडबडून जागे झाले. १ नोव्हेंबर २०२२ पर्यंत कोठ्या निदान शेकडा ८० भरल्या पाहिजेत, असा कायदा झाला. आणि त्या भरण्यासाठी युरोप जगाच्या बाजारात उतरले, पैशाची थैली मोकळी सोडून.

आता या थैलीच्या दुसऱ्या टोकास काय झाले ते पाहावे. भारताच्या गेल या सरकारी कंपनीचा २०१२ सालचा वीस वर्षांचा करार होता. द्रवरूप वायू पुरविण्याचा तो करार गाझप्रोमच्या सिंगापूर येथील शाखेशी झालेला; आणि ती शाखा गाझप्रोमच्या जर्मन कंपनीच्या पोटातली. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ती जर्मन कंपनी आपल्या देखरेखीखाली घेतली आणि वर्ष संपण्यापूर्वी ती राष्ट्राच्या मालकीची केली. आत्मरक्षणासाठी हे करणे जर्मनीस भाग होते, हे आम्ही मान्य करतो. पण त्या कंपनीने भारतास ठरलेल्या भावाने वायू देणे उन्हाळ्यातच थांबविले. करारातील दंड भरला की मोकळे, असा हिशेब होता. आणि दंडापेक्षा बाजारभाव कितीतरी वर गेला होता. गेलला आपल्या गिऱ्हाइकांचा पुरवठा कमी करावा लागला व त्यांत खतांचे कारखाने होते. त्याच उन्हाळ्यात पाकिस्तानने वायूसाठी निविदा काढल्या तर माल देणारा कोणी पुढे येईना, आणि तेथील शहरे तासन्‌तास अंधारात बसली. बांगलादेशाचीही गत फारशी वेगळी नव्हती. गेलने पुढे लवादाकडे दाद मागितली आणि २०२५ च्या आरंभी २८ कोटी ५० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. मागणी मात्र १८० कोटींची होती.

जर्मनीने स्वतः काही सोसले नाही असे नाही. तेथील प्रजेने दसपट भाव पाहिले, कारखाने थंडावले, सरकारने भली मोठी रक्कम ओतली. म्हणून कोणी म्हणेल की, आम्ही किंमत मोजून माल घेतला, लुटला नाही; मग पाप कसले? या युक्तिवादात बळ आहे, आणि बाजारी नीतीने पाहिले तर तो निरुत्तर करणारा आहे. परंतु आम्हांस त्यात एक गफलत दिसते. श्रीमंत जेव्हा किंमत मोजतो तेव्हा तो पैसा मोजतो; गरीब जेव्हा ती मोजू शकत नाही तेव्हा त्याचा दिवा विझतो. एकाच लिलावात दोघे बोली बोलतात, पण एकाची बोली नाण्यांत होते व दुसऱ्याची अंधारात. आणि जेथे आधी करार झालेला आहे, शब्द दिलेला आहे, तेथे तर लिलावाचा प्रश्नच उद्भवू नये. आपल्या अदूरदृष्टीमुळे ओढवलेले संकट निवारताना दुसऱ्यास दिलेला शब्द हे हत्यार म्हणून वापरणे, हे आत्मरक्षण नव्हे. दहा वर्षे स्वस्त वायूचा लाभ ज्यांनी घेतला, त्यांच्या चुकीचे देणे कराचीतल्या शिंप्याने का द्यावे?

येथे आमच्या मते खरी कसोटी हाती लागते. राष्ट्राने आपले रक्षण करावे की नाही, हा वाद निरर्थक आहे. ज्याचे रक्षण होते त्यानेच त्या रक्षणाचे मोल द्यावे, हा न्याय आहे. आणि जेथे ते मोल तिऱ्हाइताच्या, त्यातही दुबळ्या तिऱ्हाइताच्या माथी मारले जाते, तेथे सुरक्षितता हा शब्द चांगला असूनही कृत्य वाईट ठरते.

युरोपातच याचे चांगले दाखले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये धान्य, तेल, खते, औषधे इत्यादींचे सक्तीचे साठे व्यापाऱ्यांनी बाळगावेत असा कायदा आहे. त्याचा खर्च मालाच्या किमतीत मिसळून स्विस गिऱ्हाईकच देतो. फिनलंडमध्येही अशीच व्यवस्था आहे, आणि तिच्यासाठी तेथील प्रजा इंधनाबरोबर एक पट्टी भरते. शांततेच्या काळात, भाव बरा असताना, थोडे थोडे साठवीत जावयाचे. म्हणजे संकटात दुसऱ्याच्या ताटावर झडप घालावी लागत नाही. आपल्याकडील गृहिणीची बेगमी याहून निराळी नव्हे. (२०१९ साली स्विस सरकारने कॉफीला या सक्तीच्या साठ्यातून वगळण्याचा विचार केला, तेव्हा लोकांनी असा गिल्ला केला की सरकारला माघार घ्यावी लागली. प्रजा स्वतः पट्टी भरते म्हणून तिला बोलण्याचा हक्कही राहतो.)

हीच कसोटी युरोपच्या कर्बजकातीस लावून पाहू. लोखंड, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते वगैरे जो माल बाहेरून येईल, तो तयार करताना किती कर्बवायू सुटला हे मोजून त्यावर आकार घ्यावयाचा, असा कायदा २०२३ साली झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नोंदी सुरू झाल्या आणि १ जानेवारी २०२६ पासून खरा आकार. आपल्याकडे यावर सरसकट टीका होते, ती आम्हांस पूर्णपणे पटत नाही. युरोप आपल्या कारखान्यांकडूनही हाच आकार घेते, व त्यांस आजवर ज्या फुकट सवलती होत्या त्या २०३४ पर्यंत क्रमाक्रमाने काढून घेणार आहे. म्हणजे येथे रक्षणकर्ता स्वतः काही भरीत आहे. आक्षेप आहे तो दुसरा. हा पैसा युरोपच्या तिजोरीत जातो; ज्या गरीब देशाच्या कारखान्यास आपली भट्टी बदलावयास तो उपयोगी पडला असता, त्याच्याकडे जात नाही. आकार घेण्यात अन्याय थोडा आहे, आकार ठेवून घेण्यात अधिक. जालन्यापुरते बोलावयाचे तर येथील सळई बहुतेक घरच्याच बांधकामात खपते, तेव्हा या जकातीची झळ येथे फारशी लागणार नाही. येथे झळ लागेल ती भंगाराची.

त्या भंगाराचा न्याय काय करावा? युरोपचे भंगार युरोपचे आहे; ते आम्हांस मिळालेच पाहिजे असा हक्क जालन्याच्या भट्टीस नाही. गेलच्या प्रकरणात शब्द दिलेला होता, येथे दिलेला नाही. तथापि शब्दाहून दुर्बळ पण अगदीच पोकळ नव्हे असे आणखी एक नाते असते, ते म्हणजे वहिवाट. कित्येक वर्षे एखाद्याने आपल्या दारचा माल नेण्यास लोकांस उत्तेजन द्यावे, ओझे उतरले म्हणून आनंद मानावा, त्यावर कोणी आपला धंदा उभारावा, मजुरांनी घरे करावीत, आणि मग एके दिवशी दार लावून घ्यावे. यात कायद्याचा भंग नसला तरी सौजन्याचा आहे. शिवाय ज्या पोलादासाठी युरोपास भंगार हवे आहे, तेच पोलाद कमी कर्बाने तयार व्हावे म्हणून जालन्यासही भंगारच हवे. ते न मिळाल्यास येथील भट्टी बंद पडणार नाही. ती स्पंज आयर्नकडे अधिक वळेल, आणि स्पंज आयर्न आपल्याकडे मुख्यतः दगडी कोळशावर होते. युरोपचा धूर कमी झाला व आमचा वाढला, तर आभाळास काय फरक पडला?

आता सर्वांत कठीण आक्षेप. राजाने आपल्या प्रजेचे पाहावे की जगाचे? राज्यकर्ता हा विश्वस्त असतो. परोपकारासाठी दुसऱ्याची ठेव खर्च करण्याचा विश्वस्तास अधिकार नाही. बर्लिनच्या मंत्र्यास कराचीतल्या अंधाराची काळजी वाटली म्हणून त्याने बर्लिनची म्हातारी थंडीत ठेवावी काय? आमचे उत्तर असे की, नाही, ठेवू नये. पण विश्वस्तास ठेव वाढविण्यासाठी शेजाऱ्याचे कुंपण मोडण्याचाही अधिकार नसतो. बर्लिनच्या मंत्र्याचा दोष २०२२ साली म्हातारीस ऊब दिली हा नाही. २०१५ साली पेवाची किल्ली परक्या हाती जाऊ दिली, तेव्हा त्याने म्हातारीचा विचार केला नाही, हा आहे. संकटकाळी नीतीस वाव थोडा असतो, म्हणूनच तिची पेरणी सुकाळात करावयाची असते.

राज्याराज्यांच्या या ओढाताणीत मधल्या माणसाचे काय होते, हे जालन्यास पुस्तकातून शिकावयास नको. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे नाणे वेगळे, जकात वेगळी. आणि त्या जकातीसही कंपनी सरकारने १८०२ च्या व्यापारी तहाने शेकडा पाचांची मर्यादा घालून दिलेली. म्हणजे स्वतःचे रक्षण करण्याचे साधनच आधी काढून घेतले. पुढे नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला, तरी हैदराबादने मौल्यवान धातू भारतात नेण्यास बंदी केली व भारताचे चलन आपल्या राज्यात चालू नये असा हुकूम काढला. उलट बाजूने १९४८ साली हैदराबादकडे जाणारा माल सीमेवर अडू लागला. दोन्ही सरकारे आपापल्या सुरक्षिततेचे नाव घेत होती. निजामाने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे या नाकेबंदीची तक्रार नेली, आणि सप्टेंबरच्या १३ ते १७ या पाच दिवसांत सर्वच प्रश्न निकालात निघाला. निजामी राजवट व रझाकार यांचा अंत होणे हे न्याय्यच होते, व त्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्याने जे सोसले ते स्वखुशीने सोसले. परंतु स्वखुशीने सोसणे वेगळे आणि दोन सरकारांच्या मध्ये सापडून सोसणे वेगळे. निजामाने भारताचे नाणे बंद केले, तेव्हा ज्याच्या गाठीस ते नाणे होते तो दुकानदार निजामाच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे कोणी विचारले नाही.

आणि आज? युरोपास दोष देताना आपण आपली पाने उलटून पाहिली पाहिजेत. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या सरकारने पोलादाच्या कित्येक प्रकारांवर शेकडा १५ निर्यातकर बसविला व नोव्हेंबरात तो काढला. सहा महिन्यांत परदेशी गिऱ्हाइके दुसरीकडे वळली तर दोष कोणास द्यावयाचा? कांद्याची कथा याहून बोलकी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर शेकडा ४० निर्यातकर आला, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. कारण दिले ते अन्नाच्या सुरक्षिततेचे. शहरातील गृहिणीस कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू वाईट कोण म्हणेल? पण त्या स्वस्ताईचे मोल कोणी दिले? सरकारी खजिन्याने दिले नाही, शहरातील गृहिणीने दिले नाही. ते लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याने दिले. आमच्या कसोटीस हे उतरत नाही. तिऱ्हाइताच्या माथी भार मारण्यास परदेशच लागतो असे नाही. आपल्याच घरातील दुबळा भाऊ त्या कामास पुरतो. सरकारने बाजारभावाने कांदा विकत घेऊन शहरात तोटा सोसून विकला असता, तर ते रक्षण झाले असते व त्याचे देणेही ज्याचे त्याने दिले असते.

कांद्याने परदेशातही असेच केले आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्लीने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली, तेव्हा बांगलादेशात भाव भडकले. काही दिवसांनी त्या देशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असता त्यांनी हसत हसत सांगितले की, मी आमच्या आचाऱ्यास कांद्यावाचून स्वयंपाक करावयास सांगितले आहे. आणि पुढे विनंती केली की, असे काही करावयाचे झाल्यास आधी कळवीत जा. कांदा द्याच, असा त्यांचा आग्रह नव्हता. आपला माल आपल्यापाशी ठेवण्याचा आपला हक्क त्यांनी नाकारला नाही. फक्त पूर्वसूचना मागितली.

ही पूर्वसूचना युरोपने भंगाराच्या बाबतीत दिली आहे, हे कबूल करावयास हवे. कायदा मे २०२४ मध्ये अमलात आला आणि निर्बंध मे २०२७ पासून. मधली तीन वर्षे तयारीसाठी आहेत. पात्र राष्ट्रांची यादी २१ नोव्हेंबर २०२६ पर्यंत ठरावयाची, असे कायद्यातच आहे. यादीत नाव यावे म्हणून आपल्या सरकारने भंगाराच्या हाताळणीची काय व्यवस्था दाखविली, आणि नाव न आल्यास देशात मोडीत निघणाऱ्या मोटारी व जहाजे यांचे लोखंड गोळा करून येथवर आणण्याची कोणती तरतूद केली, हे नवीन जालन्याच्या व्यापाऱ्याने ब्रुसेल्सला नव्हे, दिल्लीला विचारावयाचे आहे.